दाजींचं 'नाही'

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळेजण थांबाराव म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्याला राग यायचा नाही, उलट पदवी मिळाल्यासारखा चेहरा व्हायचा. पडद्यावर 'नवी आवृत्ती तयार आहे, आत्ताच बसवा' अशी पाटी झळकली की लोक त्याला फोन लावायचे, आणि पलीकडून पहिला शब्द यायचा तो, "थांबा!" घराला आग लागल्यासारखा. "माउसवरचा हात काढा. काढला? आता जरा लांब बसा. मी निघालोच."

आल्यावर तो कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघायचा नाही. आधी पिशवीतून एक जाडजूड वही काढायचा आणि घरातल्या एकेकाला समोर बसवून विचारायचा. या यंत्रावर तुम्ही काय करता? कधीपासून करता? त्याला काय काय जोडता? मग कपाटामागून पिवळा पडलेला प्रिंटर निघायचा, पलंगाखालून स्कॅनर निघायचा, एखाद्या घरी तर चक्क कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र निघायचं. सगळ्याची नोंद व्हायची.

"अहो, तुम्ही दुरुस्तीला आलात की जनगणनेला?" एका घरच्या बाईंनी वैतागून विचारलं होतं.

"बाई, नवी आवृत्ती म्हणजे कचेरीत आलेला नवा साहेब," थांबाराव म्हणाला. "जुनी माणसं कामाची असतात, पण हा म्हणतो, मी यांना ओळखत नाही, काढा बाहेर. मग मागाहून बोंबलण्यापेक्षा आधी ओळख करून दिलेली बरी."

त्याचा एक नियम होता. घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला दोनदा विचारायचं. कारण हमखास त्याचंच काहीतरी मोडतं. हा नियम तो एका म्हाताऱ्या सासरेबुवांकडून शिकला होता. ते अकरा वर्षं एका जुनाट प्रोग्रामशी बुद्धिबळ खेळायचे. नवी आवृत्ती आली आणि तो प्रोग्राम उघडेना. चार दिवस सासरेबुवा धड जेवले नाहीत, आणि घरात कुणाला पत्ता नाही की झालं काय. तेव्हापासून थांबारावाची वही कधी चुकली नव्हती.

एका घराचं मात्र वहीत पान नव्हतं. त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं.

ताईचे यजमान, म्हणजे थांबारावाचे दाजी, घाऊक बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. तीस वर्षं त्यांनी जिभेवर संसार केला. एका दमात सात भाव म्हणायचे, आणि ते संपायच्या आत समोरच्याच्या टोमॅटोची आणि टकलाची चेष्टाही उरकायचे. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तीन शब्द तेवढे उरले. एक 'बरं', एक 'नाही', आणि तिसरा लिहिण्यासारखा नाही. तो मात्र अगदी खणखणीत यायचा, आणि कौतुकालाही तोच वापरला जायचा.

एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "अरे, तो कॉम्प्युटर रोज धमक्या देतोय. म्हणे पुढच्या महिन्यापासून जुनी आवृत्ती सुरक्षित नाही. आणि चालतोही रडतखडत. येऊन बघ ना."

थांबाराव गेला. बहिणीच्या घरी कसली चौकशी? वही पिशवीतच राहिली. आतल्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर खुर्चीत दाजी. थांबारावानं दाजींच्या खांद्यावरून मान वर करून स्वयंपाकघराकडे हाक दिली, "ताई, यातलं ठेवायचं काय काय?"

"फोटो ठेव. माझी पत्रं ठेव. बाकी काय असणार त्यात?"

"मग सगळं पुसून नव्यानंच बसवतो. हरणासारखा पळेल."

"नाही," दाजी म्हणाले.

"हो हो दाजी, तासाभराचं काम."

"नाही! नाही!" दाजींनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली.

"अरे, त्यांची खुर्ची हलवलेली त्यांना खपत नाही," आतून ताई म्हणाली. "बाहेर बसव त्यांना. टीव्ही लावून दे."

दोघांनी मिळून दाजींना बाहेर नेलं. दाराशी तिसरा शब्दही ऐकायला मिळाला. "तब्येत सुधारतेय की!" म्हणून थांबाराव हसला आणि आत येऊन कामाला लागला. दुपारी कॉम्प्युटर खरंच हरणासारखा पळत होता. फोटो जागेवर, पत्रं जागेवर. ताई खूश.

बुधवारी ताईचा पुन्हा फोन आला. "ते सीडीवरचं चित्रांचं कुठे गेलं रे? हे सारखे कपाटातल्या सीडीकडे बोट दाखवतात. तीन दिवस हे नुसते पडद्यासमोर बसून आहेत. जेवत नाहीत नीट."

जेवत नाहीत, एवढं ऐकल्याबरोबर थांबारावाला ते बुद्धिबळवाले सासरेबुवा आठवले आणि तो तडक निघाला.

ताईनं कपाटातून एक सीडी काढून दिली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी दिलेली. वर त्यांच्या हातची एकच ओळ, 'रोज, न चुकता'. सीडीबरोबर पानाच्या डबीएवढी एक डबी होती, माइक जोडायची. प्रोग्राम चित्र दाखवायचा, दाजी शब्द म्हणायचे, डबी ऐकायची आणि बरोबर की चूक ते यंत्र सांगायचं. शिवाय कालचा आवाज आधी ऐकवायचं आणि मग आजचा.

"दार लावून बसायचे रे. साडेनऊ ते अकरा. मला आत येऊ द्यायचे नाहीत," ताई म्हणाली. "मला वाटलं, ते चित्रांचं केव्हाच सुटलं, आता गाणी ऐकतात."

थांबारावानं सीडी घातली. नव्या आवृत्तीनं शांतपणे सांगितलं की हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही. डबी जोडली, तर ही वस्तू ओळखीची नाही, असं उत्तर आलं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आणि दाजींचे आवाज त्या प्रोग्रामच्या पोटातच साठवलेले होते, फोटोंच्या शेजारी नाही, पत्रांच्या शेजारी नाही. म्हणजे ते रविवारीच पुसले गेले होते. त्यानं कॉम्प्युटर घरी नेला, दोन दिवस त्याच्याजवळची सगळी हत्यारं चालवून बघितली. ताईची हटवलेली जुनी पत्रं परत आली. दाजींचा एक हुंकारही आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो दाजींसमोर स्टुलावर बसला. "दाजी, तुमचं सगळं माझ्या हातून गेलं. परत यायचं नाही. तुम्ही नाही म्हणत होतात, मी ऐकलं नाही."

दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. तिसरा शब्द आला असता तर थांबारावाला बरं वाटलं असतं. तोही आला नाही.

पुढचा आठवडा त्यानं गिऱ्हाइकांचे फोन घेतले नाहीत. माळ्यावरच्या भंगारातून जुन्या बनावटीचे सुटे भाग काढले, एक बोजड कॉम्प्युटर जुळवला, त्यात जुनीच आवृत्ती घातली आणि इंटरनेटच्या वाटेला जाऊ न देता तो ताईच्या टेबलावर आणून ठेवला. प्रोग्राम उघडला. चित्रं आली. डबीनं मात्र कान मिटले ते मिटलेच. तिला जागं करणारी फाइल सीडीवर नव्हती, ती त्या पुसलेल्या पसाऱ्यातच गेली होती. पडद्यावर पर्याय आला: 'ऐकणारी व्यक्ती शेजारी आहे का?' बरोबर असेल तर हिरवं बटण, चूक असेल तर तांबडं.

"मी बसते ना," ताई पुढे झाली.

"नाही," दाजी म्हणाले.

ताईचा चेहरा पडला. दोन वर्षं दार का लागायचं, ते थांबारावाला तेव्हा कळलं. यंत्र चूक म्हणायचं, पण कीव करायचं नाही. बायकोसमोर तोतरं व्हायची त्या लिलाववाल्याची तयारी नव्हती.

मग दाजींनी डाव्या हातानं स्टूल स्वतःजवळ ओढलं आणि थांबारावाकडे बघितलं. ज्यानं मोडलं त्याच्यासमोर अडखळलेलं चाललं असतं, बहुतेक. ताई मुकाट्यानं बाहेर गेली.

धडा पहिला. पडद्यावर चमचा आला.

दाजींनी ओठ आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. "च... चच... चपा."

थांबारावाचे डोळे भरून आले. त्यानं हिरवं बटण दाबलं. यंत्रानं टाळ्या वाजवल्या.

फाडकन त्याच्या मनगटावर चापट बसली आणि पाठोपाठ तिसरा शब्द. एवढ्या मोठ्यानं की बाहेर ताईच्या हातून काहीतरी पडलं. दाजी तांबड्या बटणाकडे बोट दाखवत होते.

"अहो दाजी, जवळजवळ आलंच होतं की! पहिलाच दिवस आहे..."

"नाही."

यावेळी थांबारावानं ऐकलं. त्यानं मागचं पान आणलं आणि तांबडं बटण दाबलं. यंत्र 'ठुप्' असं काहीतरी कंटाळवाणं वाजलं. दाजींनी मान हलवली, खुर्चीत जरा सरसावून बसले आणि पुन्हा चमच्याकडे बघू लागले.

चमच्याला एकूण सात वेळा तांबडं बटण मिळालं. आठव्यांदा दाजी चमचा म्हणाले, आणि थांबारावानं पुरता विचार करून हिरवं दाबलं. मग खुर्ची आली, छत्री आली, साबण आला. साबणावर दोघांचं भांडण झालं. थांबाराव म्हणत होता चूक, दाजींचं म्हणणं बरोबर. पुन्हा म्हणून दाखवला तेव्हा दाजींनाच तो पटला नाही. दीड तासात अकरा चित्रं झाली. त्यांतली पाच बरोबर. या चित्रांत ते पूर्वी कुठवर पोचले होते, हे सांगायला आता काहीच शिल्लक नव्हतं, आणि थांबारावानं विचारलंही नाही.

बारावं चित्र किल्लीचं होतं. दाजींनी श्वास घेतला. थांबाराव दोन्ही बटणांवर एकेक बोट ठेवून ऐकू लागला.