सातव्या बाईची मुलाखत

सेहेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला बसलो, तेव्हा वर्गातल्या पोरी मला काका म्हणायच्या आणि पंख्याखालची जागा राखून ठेवायच्या. शेवटच्या सत्रात सामाजिक मानसशास्त्राचा प्रगत पेपर होता, चिकित्सक दृष्टिकोनातून. शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांचं सगळं शिकवणं एका प्रश्नाशी येऊन थांबायचं: दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलणारा, त्याच्या वतीनं बोलायचा हक्क कुठून आणतो? मी हे वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. आणि तरीही जे केलं ते केलं.

प्रकल्पासाठी शहरातल्या शहापूर भागातल्या सात विणकर बायकांच्या मुलाखती हव्या होत्या. सहा झाल्या. मागाच्या खडखडाटात त्या तुटक बोलायच्या. कानडीत विचारलं की एक, मराठीत विचारलं की दुसरंच. सातवी मी हिंडलग्याला माझ्या घरी बसून, चहा पीत, स्वतःच लिहून काढली. झकास उतरली. ‘मी उभ्या धाग्यात कानडी आहे आणि आडव्या धाग्यात मराठी,’ असं त्या बाईच्या तोंडी घातलं आणि स्वतःवर खूश होऊन दुसरा कप घेतला.

मॅडमना नेमकी तीच आवडली. नियम असा होता की जिचं बोलणं लिहिलं तिला ते वाचून दाखवायचं, तिला पटलं तरच धरायचं. या बाईंना वर्गातच बोलवा, मॅडम म्हणाल्या. आता बनाव उघडा पडला तर पेपर जाणार, वर्ष जाणार, शिवाय पोरींसमोर काकांचं जे काही व्हायचं ते होणार.

मग मला आक्का आठवली. माझी थोरली बहीण, शहापुरात दिलेली, तीस वर्षं मागावर बसलेली. घरात खरी विणकर असताना मी खोटी कशाला रचली, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आक्काला सगळं सांगितल्यावर ती पोट धरून हसली. जाता-येता रिक्षा आणि अर्धा किलो खव्याचा कुंदा, एवढ्यावर सातवी बाई म्हणून यायला तयार झाली.

वर्गात ती पुढच्या बाकावर ऐटीत बसली. मॅडम वाचू लागल्या. धाग्यांचं वाक्य आलं आणि आक्कानं पदर तोंडाला लावला. हे तुम्हीच म्हणालात ना, मॅडमनी विचारलं.

“न्हाय बाई,” आक्का म्हणाली. “मागावर बसल्यावर कंबर दुखतीय, तेवढं मला कळतंय. ह्यो माजा भाऊ. माज्या वतीनं बोलायची ह्येला बारकेपणापास्नं खोड हाय.”

वर्ग हसला. मला मात्र लहानपणची एक गोष्ट आठवली. ती गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

आमचं गाव कोगनोळीजवळ. आक्का सातवी पास झाली, तेव्हा तिला पुढं निपाणीच्या हायस्कुलात घालावं का, असा वडिलांचा, म्हणजे आप्पांचा विचार चालला होता. ती विहिरीवर गेलेली. आप्पांनी मला विचारलं, तिला जायचंय का? मी म्हणालो, न्हाय, तिला शाळेचा लई कंटाळा आलाय. ती गेली असती तर पाणी मला भरावं लागलं असतं. दुसरं काही कारण नव्हतं. आप्पांनी तिला विचारलंच नाही, आणि जूनपासून ती तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागली.

मॅडम ओरडल्या नाहीत. आठ दिवसांत खरी मुलाखत आणा, म्हणाल्या, आणि खोटी कशी बनवली ते पहिल्या पानावर लिहा.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या घरी पुढच्या सोप्यात मोबाईल मधे ठेवून बसलो. तिची अट होती, पहिला प्रश्न ती विचारणार.

“त्या दिवशी आप्पास्नी काय सांगितलंस रं?”

रेकॉर्डिंग चालू होतं. मी सांगितलं, विहिरीवरच्या पाण्यासकट. आक्कानं मोबाईल स्वतःकडं सरकवला.

“व्हय,” ती म्हणाली. “आता माजं ऐक. मधी बोलायचं न्हाय.”

तासभर ती बोलत होती. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तिनं डोळे वटारले. मी मिटून घेतलं.