फोटो दाखवण्याआधी तिला विचारलं होतं का?

मित्रमैत्रिणींनो, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितेय.

मी प्लास्टिक सर्जन आहे. दरवर्षी सुट्टी काढून आफ्रिकेत मलावीला जाते आणि दुभंगलेल्या ओठांची ऑपरेशन्स मोफत करते. आज आमच्या नेरूळच्या सोसायटीने त्यासाठी माझा सत्कार ठेवला होता. मी पडद्यावर पेशंटचे फोटो दाखवले. एका मुलीचा ऑपरेशनआधीचा चेहरा आला, तेव्हा सगळे 'अरेरे' म्हणाले. खरं सांगते, मला ते आवडलं.

कार्यक्रम संपल्यावर सुगंधामावशी जवळ आल्या. त्या बोनकोडे गावच्या, सोसायटीचे जिने झाडतात. त्यांच्याही ओठावर जुन्या टाक्यांचा व्रण आहे.

"डॉक्टर, फोटो दाखवायच्या आधी त्या पोरीला इचारलं व्हतं का?"

"हो, विचारलं होतं," मी म्हणाले. साफ खोटं.

तासाभराने राहवेना. खाली जाऊन त्यांना गाठलं. "मावशी, मी खोटं बोलले. तिला कुणीच विचारलं नव्हतं."

"मना कललं व्हतं," त्या म्हणाल्या. "लहानपनी माझा पन असाच फोटो काढलेला. ऑपरेशन चांगलं झालं. पन तो फोटो कुनाकुनाला दाखवला असंल, ते अजून मनात येतं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागता?"

या पेजवरचे पेशंटचे सगळे फोटो आत्ता काढून टाकलेत. तुम्ही भरभरून लाईक केलेले, तेच. पण त्या मुलीचं नावसुद्धा मला आठवत नाहीये. तिची माफी कशी मागू?