आधी चित्र, मग उजेड

जगातली निम्मी भांडणं कुणीतरी घाईने दिवा लावल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नाशिकला अंबडच्या एका छोट्या कारखान्यात मी नुकती लागले होते. शीतगृहांतलं तापमान दाखवणारे स्क्रीन आम्ही बनवायचो. त्या माणसाला सगळे काका म्हणत, तिथले सगळ्यांत जुने इंजिनिअर. घरची मखमलाबादला फुलशेती, त्यामुळे खिशात पेनाशेजारी बहुधा झेंडूची एखादी पाकळी असायची. सकाळी आले की ट्यूबलाइटचं फडफडणं थांबेपर्यंत ते दाराबाहेर उभे राहत. स्कूटर सुरू केली की पाच आकडे मोजून मगच हेडलाइट लावत, मागे बसलेल्या काकू तोवर दोनदा "झालं का तुमचं?" विचारून घेत. मुलीच्या लग्नात नवरी स्टेजवर यायच्या आधीच फोकस लागला, तर वधूपिता विधी सोडून मांडववाल्यावर धावले होते. "रिकाम्या खुर्चीवर उजेड पाडतो का रे? आधी चित्र, मग उजेड! जाताना आधी उजेड, मग चित्र!" अक्षता पडेपर्यंत तो बिचारा स्विचला चिकटून उभा होता.

हा नियम मुळात स्क्रीनचा. स्क्रीनला आधी वीज द्यायची, मग चित्र पाठवायचं, ते स्थिरावलं की मागचा दिवा लावायचा. बंद करताना नेमकं उलट. मध्ये किती थांबायचं ते आकडे ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहावे लागत, आणि ते काम माझ्याकडे होतं. मी इंग्रजी शाळेतली. मीटिंगमध्ये मात्र माझ्या तोंडून ना इंग्रजी फुटायचं, ना मराठी. निदान माझे आकडे चोख असतात, असा माझा समज होता. मग सायखेड्याच्या एका द्राक्षांच्या शीतगृहात आमचे चाळीस स्क्रीन लागले आणि मालकांचा फोन आला. "मॅडम, तुमचा डबा चालू केला का डोळ्यात वीज मारतो. पांढराफट! माझी माणसं बटणाला हात लावत नाय. सोमवारपर्यंत नीट करा, नायतर चाळीसच्या चाळीस काढून न्या." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

मी सगळं दहादा तपासलं. ऑफिसात स्क्रीन अगदी शहाण्यासारखा उजळायचा.

"पोरी, हे मोजलंस कुठं?" काकांनी विचारलं.

"इथेच. टेबलावर."

"आणि तो राहतो कुठं?"

काकांनी कँटीनच्या फ्रिजमधून दह्याचं भांडं आणि कुणाचीतरी भेंडी बाहेर काढली, स्क्रीन आत ठेवला आणि फटीतून वायर ओढून दार लावलं. दोन तासांनी दार उघडून बटण दाबलं. पांढराफट! थंडीत चित्र उमटायला वेळ लागत होता, आणि माझा दिवा मात्र ऑफिसच्या उबेतले आकडे धरून धावत येत होता. "थंडीत तुला अंथरुणातून उठायला किती वेळ लागतो?" काका म्हणाले. "मग त्यालाच का घाई?" दिवसभर आम्ही आकडे बदलत आणि फ्रिज उघडत बसलो. मॅनेजर दही शोधत आले. "साहेब, दही उद्या परत मिळंल," काका म्हणाले. "चाळीस स्क्रीन परत आले तर ठेवणार कुठं? फ्रिजमध्ये एकच मावतो."

सोमवारी सायखेड्याला काका शीतगृहाच्या दाराशीच थांबले. "आकडे तुझे, तू बोल." मी स्वेटर घालून आत गेले आणि नवे आकडे स्क्रीनमध्ये भरले. मालकांनी आधीच डोळ्यांवर हात धरला होता. मी बटण दाबलं. काळोख.

"बंद पडला का?"

"थांबा!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असेन. आणि दोन अंशांचा आकडा हळूच, न लखलखता उजळला. मालकांनी हात खाली घेतला, मग स्वतः पाच वेळा चालू-बंद करून पाहिलं. "आता कसं! समईसारखा लागतो. माझ्या मेव्हण्याचं चांदवडला शीतगृह हाय, त्याला पण वीस पाठवा." आतला हसण्याबोलण्याचा गलका ओसरल्यावर, बहुधा पाच आकडे मोजून, काका आत आले. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली.

काही वर्षांनी काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी आधी टेबलावरचा दिवा बंद केला, मग टेबल आवरलं, मग उठले. क्रम अगदी बरोबर होता. त्या दिव्याचं बटण माझ्या हाताशीच होतं, पण मी ते बरेच महिने दाबलं नाही. रिकाम्या खुर्चीवर उजेड पाडायचा नसतो.