दातांनी ऐकणारे वानखेडेमामा

वानखेडेमामा इंजिन दातांनी ऐकायचे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दाढांत धरायची आणि डोळे मिटायचे. रेल्वेच्या लोको शेडमध्ये उभी हयात गेली, त्यात दोन्ही कान गेले. पण खोटं सांगत असेन तर जीभ झडो, शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात नट सैल झाला की इकडे आमच्या शंकर नगरात मामांची दाढ दुखायची.

राज्य नवं, राजधानी नवी, माझी बाबूगिरी नवी. जुनी फक्त गाडी. कासवाच्या पाठीची, मागे इंजिन, तेही हवेवर थंड होणारं. आधीच्या हौशी मालकानं दोन मोठे कार्ब्युरेटर बसवून तिचा घोडा करायला घेतला होता, झालं खेचर. तापली की अशी ठसकायची की आमच्या गल्लीतली कुत्री भुंकणं सोडून खोकायला लागली. एरवी मीही हसलो असतो. पण माझ्या बायकोला, सुनंदाला नववा महिना लागला होता, आणि दवाखाना सदर बाजाराच्या पलीकडे. तिनं उसासा टाकला तरी माझ्या हातात किल्ली यायची.

शेजारच्या मामांना बोलावलं. त्यांनी गाडी तापू दिली, पेल्यात पाणी घेतलं आणि जेवणाआधी चित्राहुती घालावी तसे धुराच्या चारी नळ्यांवर थेंब शिंपडले. चारींवरून वाफ उडाली.

"चारी घरी चूल पेटून राहिली," मामा म्हणाले. "एक सिलिंडर मेला असता, तर थेंब तसाच बसला असता." मग मूठ दाढांत धरली. "एकट्याचं दुखणं तालात येते. हे बेताल आहे. चौघाइले ठिणगी पुरवणारी कॉइलच तापून राहिली."

कॉइलवर ओला फडका ठेवला, ठसका थांबला. नवी कॉइल लावली. तीही तापली आणि गाडी पुन्हा ठसकली. मामा गाडीभोवती फिरले आणि मागच्या काचेखालच्या जाळीपाशी थांबले.

"हे कायले लावलं बे?"

तिथे मी 'शासकीय' अशी लाल अक्षरांची पत्र्याची पाटी ठोकली होती. त्या दिवसांत राजधानीत पाटीशिवाय सायकलही निघत नसे. माझी पाटी पाहून सदर बाजारातल्या गायी रवंथ थांबवून बाजूला व्हायच्या.

"त्या जाळीतून इंजिन श्वास घेते. तू त्याच्या नाकावर पाटी ठोकली! काढ."

त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून मी तोंड समोर करून म्हणालो, "काढतो मामा." काढलीही. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना परत लावली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुनंदाला कळा सुरू झाल्या. मामा न सांगता पुढे येऊन बसले, स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर. सदर बाजारात दुचाक्यांच्या गर्दीत अडकलो आणि गाडी ठसकली, पुन्हा ठसकली, बंद पडली. मागून सुनंदा ओरडली, "पाटी लावली ना परत? खरं सांगा!"

तिचं मामांना ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि उतरले.

"बहिरा मी हावो, की तू बे?"

पाटीचे चार स्क्रू काढले. इंजिनाचं झाकण उघडून सुनंदाच्या पाण्याच्या बाटलीनं गळ्यातला गमछा भिजवला आणि कॉइलला गुंडाळला. मग तीच पाटी दोन्ही हातांत धरून वारा घालायला लागले. भर सडकेत 'शासकीय' खालीवर, खालीवर. कोणी हसलं, कोणी हॉर्न वाजवले. सुनंदानं सीटचं रेक्झिन नखांनी फाडलं.

मामांनी मूठ दाढांत धरून हात हलवला. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

"आता मागं नको पाहू. चाल!"

पोहोचलो. तासाभरानं मुलगी झाली, आणि असं रडली की डॉक्टरीणबाईंनी कानांवर हात ठेवले. मामांना मात्र काहीच कळेना. ते आमच्या तोंडाकडे पाहत विचारत राहिले, "रडली ना? पोट्टी रडली ना?"

सुनंदानं पोर त्यांच्या हातात दिली. मामांनी आपली हनुवटी तिच्या कपाळाला अलगद टेकवली, दात मिटले, डोळे मिटले.

"हव," ते म्हणाले. "चारी चालून राहिले."

आज मामा नाहीत. त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरची दातांच्या खुणा पडलेली मूठ माझ्या घरी आहे. मुलगी ताप येऊन निजली, की मी डॉक्टर येईपर्यंत तिच्या कपाळाला हनुवटी लावून बसतो.