समोरच्या स्टुलावरून

“सतरावी घाल, चहा सांगून आलोच,” म्हणून हे उठले... आणि टपरीवर छातीला हात लावून बसले ते बसलेच. आमच्या भोसरीच्या गॅरेजात तेव्हा एका मास्तरांची हायब्रिड गाडी उघडी होती. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल मॉड्यूलचा जळका कनेक्टर काढून मी नव्यात एकेक वायर भरत होते. सतरावी माझ्या चिमटीतच राहिली.

आमची ओळखही कनेक्टरनंच करून दिली. चाकणच्या कंपनीत मी पाठीकडून वायरी खोचायची, हे समोर बसून तपासायचे. हे नवीनच आलेले, आणि एके दिवशी माझा अख्खा लॉट रिजेक्ट! “मॅडम, सगळं उलटंपालटं भरलंय.” माझं डोकंच सणकलं. त्यांच्या हातातला कनेक्टर फिरवून दाखवला. “साहेब, ड्रॉइंग तोंडाकडून काढलंय, तुम्ही पाठीकडून मोजताय. ड्रॉइंगमधलं डावं ते तुमचं उजवं!” सगळी लाइन खो खो हसली. चिडायचं सोडून हा माणूस दुपारी डबा घेऊन माझ्याच टेबलावर हजर. पुढे लग्न झालं, गॅरेज काढलं, तरी कनेक्टर हातात घेतला की पहिला प्रश्न तोच, “तोंड का पाठ?” भारी वात्रट, पोळी उलटतानाही विचारायचे. सुखाचा संसार झाला आमचा, खोटं कशाला बोलू!

दोन वायरींची अदलाबदल झाली तर नवं मॉड्यूल गेलंच. म्हणून मी घालायचं, यांनी समोरून मीटर लावून नंबर पुकारायचे, हा नेम. यांच्या तेराव्यानंतर दीर म्हणाले, “वहिनी, मास्तरांची गाडी दुसरीकडे देऊ, गॅरेज बंद करा. समोरून तपासणार कोण?” पण शटर ओढायचं म्हणजे यांना पुन्हा एकदा पोचवून यायचं... ते मला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतरावी घातली, उरलेल्याही घातल्या. मग टेबलाला वळसा घालून यांच्या स्टुलावर बसले. तिथं मी कधी बसलेच नव्हते. खिडकीचा उजेड थेट डोळ्यांत आला, काही दिसेना. “चष्मा लावा की हो, किती डोळे बारीक करता,” म्हणून मी इतकी वर्षं यांच्यामागे लागायची. उजेड माझ्या हातांवर पडावा म्हणून हे मुद्दाम इकडे बसत होते, आणि एका शब्दानं बोलले नाहीत! खूप रडले. मग डोळे पुसून नंबर पुकारले. सगळे बरोबर.

मास्तर गाडी चालवत घरी गेले. गॅरेज चालू आहे. खिडकीला पडदा लावा, असं दीर म्हणतात, मी लावत नाही. वायरी घालून झाल्या की समोरच्या स्टुलावर जाते, डोळे बारीक करते, आणि मोठ्यानं विचारते, “तोंड का पाठ?”