माझ्या विरोधात बोल

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आमच्या शेजारी एक डच आजोबा राहतात. वाद घालायचा असला की ते आधी सावकाश चष्मा पुसतात. आम्ही पुण्याला गेलो की आमच्या कढीपत्त्याला पाणी तेच घालतात, तेही मोजून.

समोरच्या कुरणावर आमच्यासारख्या इंजिनिअरांसाठी फ्लॅट बांधायचे का, यावर काल नगरपालिकेत सभा होती. आजोबांनी चष्मा पुसला.

"बाहेरून येणारे पुरे झाले. आधी आमच्या नातवंडांना घरं द्या!"

टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले.

आज सकाळी ते दारात उभे. हातात पुढच्या सभेत बोलणाऱ्यांचा फॉर्म.

"नाव लिही. माझ्या विरोधात बोल."

"कशाला, आजोबा?"

"काल गप्प बसलीस, त्याचा राग आलाय मला."

मी पेन घेतलं. ते चष्मा पुसू लागले.