बुद्धपौर्णिमेची लांब रोटी

सौंसरच्या कुसुमबाईंच्या घरी बुद्धपौर्णिमेला काय शिजणार, हे ठरवायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच होता. सकाळी विहारात वंदना व्हायची, खीर वाटून व्हायची आणि मग माणसं घरी जमायची. लेक सुप्रिया नागपूरहून यायची. थोरली नणंद कौसल्याबाई तिगावहून लेका-सुनांना घेऊन यायच्या. खीर तर ठरलेलीच, पण जेवणातला मुख्य पदार्थ कोणता, हे कुसुमबाई आठवडाभर आधी मनाशी पक्कं करायच्या आणि कोणाला पत्ता लागू द्यायच्या नाहीत. एखाद्या साली पाटवडी-रस्सा, एखाद्या साली रोडगे आणि वांग्याची भाजी, कधी गोळाभात. अंगणात पाय ठेवल्याबरोबर माणसं वासावरून ओळखायची. कौसल्याबाई तर फाटकातूनच ओरडायच्या, "पाटवडी केली ना व कुसुम!"

कुसुमबाईंचं सगळं आयुष्य अंगणवाडीत गेलं. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळून त्या घरी यायच्या आणि पदर खोचून चुलीपाशी, पुढं गॅसपाशी उभ्या राहायच्या. त्यांच्या हाताला चव आहे, हे मोहल्ल्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला. ताप गेला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण नाकाचा वास आणि जिभेची चव काही परत आली नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काहींची येते, काहींची येत नाही, वाट पाहा. कुसुमबाईंनी वाट पाहिली. हिंग हुंगून पाहिलं, संत्र्याची साल नाकाशी चुरगाळून पाहिली. काही नाही.

पुढच्या पौर्णिमेला त्यांनी अंदाजानं पाटवडी-रस्सा केला. पंगत बसली. नवरा मधुकरराव दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "झकास झालं." सगळ्यांनीच माना हलवल्या. कुसुमबाई खूश झाल्या. मग उष्टी भांडी घासायला मोरीपाशी गेल्या तर पाहतात काय, वाट्याच्या वाट्या रश्शानं भरलेल्या. मीठ दोनदा पडलं होतं. कोणी खाल्लं नव्हतं आणि कोणी बोललंही नव्हतं.

त्या रडल्या नाहीत. भांडी घासली, पालथी घातली आणि सुनेला, प्रज्ञाला म्हणाल्या, "आता सणावाराले काय करायचं ते मले इचारू नका."

त्यानंतर दोन पौर्णिमा हॉटेलच्या जेवणावर गेल्या. मुलगा रोशन पांढुर्ण्याला नोकरीला. तो येता येता पनीरची भाजी आणि पुलावाचे डबे घेऊन यायचा. माणसं जेवायची, मोबाइल पाहायची आणि ऊन उतरायच्या आत बस पकडायची. दुसऱ्या वर्षी कौसल्याबाई हात धुता धुता म्हणाल्या, "हॉटेलचं खायले मी तिगावहून कायले येऊ, कुसुम?" त्या वाईट मनाच्या नव्हत्या, पण तोंडाला फडकं नव्हतं. कुसुमबाईंना ते शब्द फार लागले.

यंदा पौर्णिमेला महिना असताना रोशननं जेवता जेवता विचारलं, "आई, पनीर सांगू का छोले?"

कुसुमबाईंचं लक्ष प्रज्ञाकडे होतं. प्रज्ञा सरकारी दवाखान्यात नर्स; ड्यूटीवरून आली की कणीक मळायची. त्या दिवशी कणकेत पाणी जास्त झालं होतं. तिनं गोळा उचलला तर तो बोटांतून लांबच लांब खाली ओघळला. कुसुमबाई उठल्या, तो गोळा आपल्या हातात घेतला. या हातावरून त्या हातावर, पुन्हा या हातावर. कणीक मनगटापर्यंत आली, तुटली नाही.

त्यांची आई अशीच करायची. सौंसरपासून सावरगावपर्यंत कोणाकडं लग्न असलं की लांब रोटीसाठी कुसुमच्या आईला बोलावणं यायचं. मांडवामागं चूल पेटायची, चुलीवर मडकं पालथं पडायचं आणि आई त्या तापलेल्या मडक्यावर रुमालासारखी रोटी पसरायची. लहानपणी कुसुम शेजारी उभी राहून शिकली होती. मग लग्न झालं, नोकरी लागली, घरात गॅस आला. रोटी मागं राहून गेली.

"पनीरही नको न छोलेही नको," कुसुमबाई म्हणाल्या. "यंदा लांब रोटी करू. आमरस, वांग्याची भाजी न लांब रोटी."

रोशन हसला. "कोण करते आता ते? मडकं पाहिजे, चूल पाहिजे."

"चूल मांडू. मडकं आणू. भाजी प्रज्ञा करन, रोटी मी करीन."

मधुकररावांनी घास थांबवला. "पण तुले चव कुठं समजते?"

"अजी, रोटीले जीभ नाई लागत. हात लागते."

बोलून तर गेल्या, पण काम सोपं नव्हतं. रोशननं आणलेलं मडकं पाण्याचं निघालं, पातळ. पहिल्याच जाळाला तडकलं. मग कुसुमबाई स्वतः बसनं पांढुर्ण्याला गेल्या, कुंभाराकडची मडकी बोटानं वाजवून पाहिली आणि जाड बुडाचं, गोल पोटाचं मडकं मांडीवर घेऊन परत आल्या. लोकवन गहू बारीक दळून आणला, पीठ वस्त्रगाळ केलं. मिठाच्या पाण्यात सैल भिजवून परातीत आपटून आपटून तिंबलं. दंड भरून आले.

पहिली रोटी मधोमध फाटून राखेत पडली. दुसरी तशीच. तिसरी मडक्यावर नीट पसरली आणि कुसुमबाईंना हायसं वाटलं. तेवढ्यात फाटकातून आत येणारी प्रज्ञा ओरडली, "आई, जळून राहिली!"

रोटीची खालची बाजू कोळसा झाली होती. कुसुमबाई हातात ती रोटी धरून उभ्या राहिल्या. त्यांची आई वासावरूनच रोटी काढायची, त्यांनाही तेच माहीत होतं. आता वासच नव्हता.

"मले समजलंच नाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सांग रोशनले, पनीर आण म्हणा."

प्रज्ञानं पर्स खाटेवर टाकली आणि पाटावर बसकण मारली. "काहून? मी बसतो ना इथं. वास आला की सांगीन. तुम्ही टाका."

मग रोज संध्याकाळी सासू-सुनेचा हाच उद्योग सुरू झाला. सासू रोटी टाकायची, सून नाक लावून बसायची. "काढा," म्हटलं की काढायची. हळूहळू कुसुमबाईंचे डोळे वासाचं काम शिकले. कडा किती सुटल्या, फोड कसे फुगले, पांढरा रंग कुठं बदामी झाला, हे त्या बारकाईनं पाहू लागल्या. प्रज्ञा "काढा" म्हणायला तोंड उघडायची तर रोटी आधीच टोपलीत गेलेली असायची. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "आई, माह्या नाकाले आता सुट्टी देऊन टाका."

पौर्णिमेच्या दिवशी विहारातून आल्याबरोबर कुसुमबाईंनी पांढरं लुगडं बदललं, बांगड्या वर सरकवल्या आणि अंगणातली चूल पेटवली. वैशाखाचं ऊन चढायच्या आत रोट्या उरकायच्या होत्या. माणसं येत गेली आणि घरात न जाता चुलीभोवतीच उभी राहिली. सुप्रियानं आईला असं कधी पाहिलंच नव्हतं. कौसल्याबाई कंबरेवर हात ठेवून अगदी समोर.

"कुसुम, न् खाली पडली म्हणजे?"

"पडली त दुसरी करीन, बाई."

कुसुमबाईंनी गोळा उचलला. तो तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत उतरत गेला. इतका पातळ झाला की पलीकडचा जाळ दिसावा. त्यांनी एक झोल दिला आणि रोटी मडक्यावर अलगद बसली, एक सुरकुती नाही. कडा सुटल्या, फोड फुगले, बदामी ठिपके उठले. कुसुमबाईंनी दोन्ही हातांनी रोटी उचलली, चौघडी घातली आणि पहिली कौसल्याबाईंच्या ताटात ठेवली.

कौसल्याबाईंनी तुकडा तोडला, रसात बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. रोटी संपवून ताट पुढं केलं. "आणखी दे." मग म्हणाल्या, "माह्या लग्नात तुह्या मायनं केल्या होत्या रोट्या. तवापासून अशी नाई खाल्ली व."

कुसुमबाईंचे डोळे भरून आले. धूर लागला म्हणावं तर वारा दुसरीकडं होता. त्यांनी ते लपवलंही नाही. ताठ मानेनं पुढचा गोळा उचलला.

त्या दिवशी पंगत दुपार कलली तरी उठली नाही. रोशननं रोट्या मोजायचं सोडून दिलं. कोणाला बसची आठवण नव्हती. सगळ्यांत शेवटी कुसुमबाई बसल्या. रसाची चव त्यांना आली नाही. जिभेला कळला तो नुसता गारवा आणि रोटीचा मऊपणा. तरी आजारपणानंतर पहिल्यांदाच त्या पोटभर जेवल्या.

निघताना कौसल्याबाई म्हणाल्या, "आमच्या नातीचं लग्न आहे हिवाळ्यात. रोटी तूच करजो."

"करीन ना," कुसुमबाई म्हणाल्या. "पण मायसारखी नुसती मांडवामागं नाई, पाव्हणी म्हणून येईन बाई. पयले पंगतीत बसीन, मंग चुलीपाशी जाईन."

"बस ना व! मीच वाढीन तुले."

मधुकररावांनी दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर, किराण्याच्या दुकानात, जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी रोटी थोडी लांब झाली. त्याचा परिणाम असा झाला की रविवारी अंगणवाडीतल्या जुन्या मैत्रिणी पीठ घेऊन दारात हजर. कुसुमबाईंनी त्यांना चुलीपुढं ओळीनं बसवलं. एकीची कणीक कोपरावरून सुटून जमिनीवर पडली, तशी बाकीच्या खिदळल्या.

"हसू नका," कुसुमबाई अंगणवाडीतल्या खड्या आवाजात म्हणाल्या. "घे, दुसरा गोळा घे. हात सैल सोड."